मूळ लेखिकेची माफी

हाओ शिनलानकडे एक पदवी होती. ती दुसरीसाठी राबत होती, आणि त्यात हौसेचा भाग काडीचाही नव्हता. पहिली पदवी अन्नविज्ञानाची. तालुक्याच्या अन्नतपासणी कचेरीत जागा निघाली तेव्हा लेखी परीक्षेत ती पहिली आली, आणि कागद तपासणाऱ्या कारकुनाने तिचाच अर्ज बाजूला काढून ठेवला. जाहिरातीत विषय छापला होता 'अन्नगुणवत्ता व सुरक्षा'. तिने परोपरीने सांगितलं की पुस्तकं तीच, शिकवणारे तेच, प्रयोगशाळेतला तुटका नळसुद्धा तोच. कारकून म्हणाला, शब्द तोच नाही. मग त्या शब्दासाठी ती ताइयुआनला परत गेली, त्याच कॉलेजात, त्याच इमारतीत, आणखी दोन वर्षं.

गावात तोंडं कोण धरणार? वडिलांचा शिरक्याचा, म्हणजे व्हिनेगरचा कारखाना, तिथे बाटली भरायला आलेली मियाओ काकू दर वेळी विचारायची, "हुशार पोरं वरच्या वर्गात जातात म्हणे. तुमची त्याच वर्गात परत कशी बसली?" वडील म्हणायचे की चांगला शिरका एका गाळणीत होत नाही. म्हणायचे खरे, पण आवाज बारीक व्हायचा, आणि ते शिनलानला फोनवरूनही कळायचं.

वर्गात आणखी एक गंमत तिची वाट पाहत होती. दुसऱ्या वर्षी वर्गाला नवीन पालक शिक्षिका आल्या, त्या यान ताओरान. पहिल्या पदवीच्या वेळी चार वर्षं शिनलानच्या खोलीत, तिच्याच वरच्या पलंगावर झोपणारी ताओरान. ती पुढे एम.एस्सी. झाली आणि कॉलेजातच चिकटली. आता शिनलान तिला सगळ्यांसारखीच 'यान बाई' म्हणायची, हजेरीला हात वर करायची आणि रजेच्या अर्जावर तिची सही घ्यायची. ताओरानने पहिल्याच दिवशी एकटीला गाठून सांगितलं होतं की चारचौघांत जुनी ओळख दाखवू नकोस, बरं दिसत नाही. शिनलानला ते पटलंही होतं.

यंदा कचेरीची तीच जागा पुन्हा निघाली. शिनलान पुन्हा पहिली आली. या वेळी फक्त जूनअखेरपर्यंत पदवीचा कागद हजर करायचा होता, नाहीतर जागा दुसऱ्या नंबरच्या मुलाला जाणार होती. आणि पदवी अडकली होती प्रबंधावर.

मेच्या मध्याला प्रबंधाच्या नक्कल-तपासणीचा निकाल आला. वीस टक्के जुळलं तर चालतं. तिचं सदतीस टक्के जुळलं होतं, पानंच्या पानं लाल, आणि सगळा लाल रंग एकाच ठिकाणाहून आला होता: चार वर्षांपूर्वीचा प्रबंध, लेखिका यान ताओरान. मार्गदर्शक मू सर कपाळाला हात लावून म्हणाले, "अगं, ढापायचंच होतं तर दुसऱ्या कुणाचं ढापायचंस. स्वतःच्या पालक शिक्षिकेचं?"

शिनलान बोलणार काय? तो प्रबंध तिनेच लिहिला होता. चार वर्षांपूर्वी ताओरान एम.एस्सी.च्या मुलाखतीसाठी बाहेरगावी धावत होती, प्रबंधाला हात लागला नव्हता, आणि एका रात्री ती पलंगाच्या कडेला बसून ढसाढसा रडली. शिनलानकडे दोन प्रबंध होतील इतकं होतं. वडिलांच्या अंगणातले शिरक्याचे रांजण, उन्हाळ्यात उन्हात तापणारे, हिवाळ्यात वर धरलेला बर्फ काढून टाकायचा, म्हणजे आतला रस दाट होतो. वर्षभर दर पंधरवड्याला घरी जाऊन तिने त्यांची आंबटाई मोजून वहीत लिहिली होती. त्या वहीवरून तिने मैत्रिणीला प्रबंध लिहून दिला, आणि स्वतःसाठी दुसरा विषय घेतला. त्या बदल्यात तिला एक वाटी थंड नूडल्स मिळाल्या होत्या.

यंदा प्रबंध लिहिताना तिने तीच वही काढली, वाक्यंही तीच उतरवली. आठवलं नव्हतं असं नाही. पण वहीवर अक्षर आपलं, रांजण आपल्या बापाचे, मग आपलंच तर आहे, असं तिला वाटलं. माणूस वाटण्यानेच मरतो.

ताओरानने तिला कचेरीत बोलावून दार लावून घेतलं.

"बावळट आहेस का गं तू? शब्द तरी बदलायचे."

"माझेच शब्द होते."

"होते ना. आता नाहीत." ताओरान खालच्या आवाजात बोलत होती. "नियम वाचलास? दुसऱ्याला प्रबंध लिहून देणाऱ्याची पदवी काढून घेतात. लिहून घेणाऱ्याचीही. तू खरं बोललीस तर मी जाईन, पण तुझी पहिली पण जाईल आणि दुसरी पण. नक्कल केली म्हणालीस तर माफीपत्र, दहा दिवसांत नवीन प्रबंध, संपलं."

हिशेब चोख होता. आपलेच दात, आपलेच ओठ. शिनलानला सगळ्यात जास्त राग या गोष्टीचा आला की ताओरान बरोबर बोलत होती.

चौकशी समितीत तिघे होते. मू सर मध्ये. उजवीकडचे गृहस्थ मोबाइल पाहत होते, डावीकडच्या बाईंना घरी जायची घाई होती. मूळ लेखिका म्हणून ताओरानलाही बोलावलं होतं. शिनलानने मान खाली घालून कबुली दिली. प्रकरण मिटल्यात जमा होतं, पण मू सरांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी जुना प्रबंध उघडला आणि चष्मा सारखा केला.

"यान बाई, तुम्ही चोवीस रांजण म्हटलंय. जानेवारीनंतर आकडे तेवीसचेच आहेत. सतरावा कुठे गेला?"

ताओरान हसली. मग म्हणाली, "सर, चार वर्षं झाली त्याला."

"वर्षभर मोजलेला रांजण चार वर्षांत विसरतो माणूस?"

मोबाइलवाल्या गृहस्थांनी मान वर केली. ताओरानच्या मानेवर लाली चढत गेली. शिनलानला ती सकाळ आठवली. बर्फ काढताना वडिलांच्या हातातली लोखंडी आकडी निसटून रांजणाच्या पोटावर बसली, काळा रस अंगणभर पसरून गोठला, आणि वडील तिथेच उकिडवे बसून राहिले. आजोबांच्या हातचा रांजण होता तो. तिने बधिर बोटांनी वहीत सतरा या आकड्यावर काट मारली होती. ताओरान त्या दिवशी त्या अंगणात नव्हती, कुठल्याच दिवशी नव्हती.

गप्प बसली असती तर ताओरान तिथेच बुडाली असती, आणि तिच्या गळ्यात गळा असलेली शिनलानही.

"सर, तो जानेवारीत फुटला," शिनलान म्हणाली. "बर्फ काढताना आकडी लागली."

"तुला कसं माहीत?"

"यान बाईंच्या प्रबंधात तळटीप आहे. मी सगळं तिथूनच उतरवलं."

मू सरांनी पान उलटलं. आणखी एक उलटलं. मग शेवटपर्यंत सावकाश पाहिलं. तळटीप नव्हती. फुटलेल्या रांजणाबद्दल त्या प्रबंधात एक अक्षर नव्हतं, हे लिहिणारीला ठाऊक होतं आणि आता वाचणाऱ्यालाही कळलं. त्यांनी शिनलानकडे पाहिलं, ताओरानकडे पाहिलं, आणि मग पहिल्या पानाकडे. 'मार्गदर्शक' या शब्दापुढे त्यांचीच सही होती.

"असेल," मू सर म्हणाले आणि प्रबंध मिटला. "मी सही केली आहे, म्हणजे असेलच."

ठराव झाला. नवीन प्रबंध दहा दिवसांत, रांजणांचा एकही आकडा वापरायचा नाही, कारण ते संशोधन दुसऱ्याचं. सोबत माफीपत्र. पदवी मिळणार, नोकरीही मिळणार, हे त्या 'असेलच'मध्ये ठरून गेलं होतं. शिनलानला आनंद व्हायला हवा होता. 

माफीपत्र पालक शिक्षिकेकडे द्यायचं असतं. ताओरानने ते उभ्याउभ्या वाचलं, पेन काढलं आणि समासात खूण केली.

"इथे एक वाक्य घाल. मूळ लेखिकेच्या वर्षभराच्या कष्टांचा मी अपमान केला, असं काहीतरी. समितीला लागतं." मग जरा घुटमळून म्हणाली, "तूच शब्द बघ. मला तुझ्यासारखं लिहिता येत नाही."

शिनलानने खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून ते वाक्य लिहिलं. वर्षभराचे कष्ट, उन्हातले आणि बर्फातले, असं लिहिलं, म्हणजे वाक्य खरं वाटेल. लिहून झाल्यावर तिने ते पुन्हा वाचलं. चांगलं जमलं होतं.

तेवढ्यात पहिल्या वर्षाच्या तीन-चार मुली अर्ज घेऊन दारात आल्या. ताओरानने कागद घडी घालून फाइलमध्ये ठेवला, आणि तिचा आवाज बदलला.

"शिनलान, या वेळी सांभाळून घेतलं. पुन्हा दुसऱ्याच्या कष्टांना हात लावू नकोस."

मुली टकामका पाहत होत्या.

"नाही लावणार, बाई," शिनलान म्हणाली.