जंतू सापडले नाहीत

अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर, असं म्हणतात. माझा डॉक्टर जावई नव्हता, माझ्या सासऱ्यांचा मित्र होता. त्यापेक्षा जावई परवडला असता.

मी कोर्टात लघुलेखक आहे. वकील भांडतात, साक्षीदार खोटं बोलतात, न्यायाधीश सांगतात आणि मी टाइप करत बसतो. न्यायाधीश उठल्याशिवाय उठायचं नाही, असा नियम कुठे लिहिलेला नाही, पण वीस वर्षांत मी तो मोडलेला नाही. लघवी दाबून बसण्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता. पंचेचाळिसाव्या वर्षी दुखायला लागलं ते बैठकीच्या बरोबर खाली, आत कुठेतरी, निखाऱ्यावर बसल्यासारखं. लघवीला जळजळ, दर अर्ध्या तासाला धावपळ, आणि बायकोजवळ गेलो की पुढे दोन दिवस कळा.

सासऱ्यांच्या या मित्राला बायको लहानपणापासून काका म्हणते. त्यांच्या दवाखान्यात गेलो तेव्हा ती बाहेर बाकावर बसली होती. काकांनी मला हातसुद्धा लावला नाही. चष्म्यावरून बघत म्हणाले, "बाहेर कुठे जाऊन आलात?"

"नाही."

"हे दुखणं बसल्या जागी येत नाही, जावईबापू."

"नाही हो, खरंच नाही."

"हे पाहा, खरं सांगितलं नाहीत तर औषध लागू पडणार नाही. मग मला बोल लावायचा नाही. शेवटचं विचारतो."

त्या दिवशी सकाळपासून मी नऊ वेळा जाऊन आलो होतो. कळ मांडीपर्यंत उतरली होती. एकदाचं सुटून घरी जाता येईल म्हणून न केलेला गुन्हा कबूल करणारी माणसं मी कोर्टात बघतो आणि मनातल्या मनात त्यांना मूर्ख म्हणतो. मी म्हणालो, "हो. एकदा."

काकांचा चेहरा खुलला. कबुली त्यांनी कागदावर लिहून घेतली, लघवी तपासायला पाठवली आणि निकालाची वाट न बघता गोळ्या लिहून दिल्या, दोघांसाठी. मग मला न विचारता दार उघडून बायकोला आत बोलावलं. "यांनी कबूल केलंय. तू मला लेकीसारखी, तुझ्यापासून लपवणार नाही. गोळ्या तूही घे."

तिने माझ्याकडे बघितलं. तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. पण औषधाची चिठ्ठी अजून काकांच्या हातात होती, आणि ती मिळाली नाही तर काय, एवढंच माझ्या डोक्यात होतं. घरी येताना रस्त्यात म्हणालो, "अगं, मी उगाच म्हणालो तसं." ती म्हणाली, "असलं कुणी उगाच म्हणत नाही." तेही बरोबरच होतं.

तो बुधवार होता. ती दातांच्या दवाखान्यांसाठी कवळ्या बनवते. पुढचे चार दिवस ती कवळ्या घासत राहिली, मला जेवायला वाढत राहिली आणि एक शब्द बोलली नाही. रविवारी दुपारी भाजी निवडता निवडता म्हणाली, "आता सांगूनच टाकते. माझंही झालं होतं. आठ वर्षांपूर्वी. कवळ्यांचं सामान आणून द्यायचा ना, तो. दोन महिने. मग मीच बंद केलं." ती रडली, खूप रडली, आणि मग डोळे पुसून हसलीसुद्धा. "झाली फिट्टंफाट. आता कुणी कुणाला बोलायचं नाही."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय, ते मला त्या दुपारी कळलं. ओरडायचं कोणत्या तोंडाने? माझं खोटं होतं असं म्हणालो असतो, तर सोयीची वेळ बघून उलटणारा साक्षीदार ठरलो असतो. मी म्हणालो, "बरं."

गंमत म्हणजे त्यानंतर आमचं घर फार छान चाललं. तिने माझ्यासाठी मध्ये भोक असलेली उशी आणली. संध्याकाळी टबात बसायला कोमट पाणी काढून द्यायची, 'महाराज, सिंहासन तयार आहे' म्हणून चिडवायची. माझ्याशी इतकं मोकळं ती लग्नानंतर कधीच वागली नव्हती. चोराचं चोराशी पटतं. त्यातला एक चोर नाही, हे एकट्या मलाच माहीत होतं, आणि ते मला आतून खात होतं.

गोळ्यांनी काहीही झालं नाही. तीन वर्षांत आणखी चार डॉक्टर झाले. प्रत्येक जण आधी काकांचा कागद वाचायचा, 'बाहेरच्या संबंधाची कबुली' या ओळीवर थांबायचा, मान हलवायचा आणि त्याच जातीची जास्त कडक गोळी लिहायचा. पोट बिघडलं, तोंडाची चव गेली, दुखणं जिथल्या तिथे. एकाने विचारलं, "अजून चालूच आहे का?" त्याच्या टेबलावरचा पेपरवेट त्याच्याच डोक्यात घालावासा वाटला.

सहाव्या डॉक्टर बाई होत्या, माझ्या भाचीच्या वयाच्या. लाजेने मी अर्धा झालो, पण इतक्या वर्षांत मला हात लावून तपासणाऱ्या त्याच पहिल्या. प्रोस्टेट ग्रंथी बोटाने दाबून बघितली, त्याआधीची आणि नंतरची लघवी दोन वेगळ्या बाटल्यांत घेतली. आठवड्याने म्हणाल्या, "दोन्हींत जंतू नाहीत. प्रोस्टेटचं हे जुनाट दुखणं बहुतेकांना जंतूंशिवायच असतं. तुमचे खालचे स्नायू आवळून बसलेत. तासाला उठायचं, लघवी अडवायची नाही, व्यायाम शिकून घ्यायचे. एक गोळी देते, ती वेगळी आहे. वेळ लागेल, पण कमी होईल."

मग फाइल चाळता चाळता त्यांनी तळाचा एक कागद काढला. "हा तर पहिल्याच तपासणीचा. तेव्हाही जंतू सापडले नव्हते. संबंधांतून होणाऱ्या रोगांच्या तपासण्याही निगेटिव्ह. हा कुणी वाचलाच नाही का?"

तो मीच आणला होता. शुक्रवारी कोर्टातून येताना लॅबमधून घेतला आणि न वाचता फाइलला लावून टाकला. दिवसभर दुसऱ्यांच्या कागदांतल्या काना-मात्रेच्या चुका पकडणारा मी. पण कबूल करून बसलेला माणूस पुरावा कशाला वाचेल? रविवार यायला तेव्हा दोन दिवस बाकी होते.

घरी आलो तेव्हा ती टेबलाशी एक कवळी घासत होती. मी कागद तिच्यासमोर ठेवला. मला नाचावंसं वाटत होतं. "वाच. पहिल्यापासून काही नव्हतंच. मी कुठेही गेलो नव्हतो."

तिने हात पुसले, कागद दोनदा वाचला, तारीख बघितली.

"म्हणजे रस्त्यात म्हणालात, ते खरं होतं."

"हो."

"मग रविवारी का गप्प बसलात? मी सांगत होते तेव्हा?"

"तू विश्वास ठेवला असतास?"

"नसता ठेवला. पण मला थांबवायचं तरी. पुढचं माझ्या पोटात राहिलं असतं." तिचा आवाज चढला नाही. "तीन वर्षं मला वाटत होतं, आपण दोघं सारखेच. म्हणून तर तुमची चेष्टा करत होते. तुम्ही नुसते ऐकत होतात. मी एकटीच होते की!"

हा प्रसंग मी तीन वर्षं मनात घोळवला होता. त्यात ती रडायची आणि मी मोठ्या मनाने तिच्या पाठीवर हात ठेवायचो. ती रडली नाही. सरळ माझ्याकडे बघून म्हणाली, "मला माफ करता येईल तुम्हाला?"

मी तिला माफ केलेलं नाही, हे मला तेव्हा समजलं. आजवर तशी वेळच आली नव्हती, आरोपीकडे कुणी माफी मागत नाही. तीन वर्षं मी फक्त निर्दोष सुटायची वाट बघत होतो आणि त्या सामानवाल्याचा चेहरा रोज डोळ्यांसमोर आणत होतो. आता सुटलो होतो, आणि तिला द्यायला माझ्याजवळ काहीच नव्हतं.

तिने कागदाची घडी करून तो मला परत दिला आणि पुन्हा कवळी घासायला घेतली; दुसऱ्यांदा विचारलं नाही.