चारशे बारावी ओळ

कॉम्प्युटरवर मजकूर टाइप करायचा एडिटर लिहायला घेतला तेव्हा लंबू आणि बुटक्या दोघंही नोकरीत नवे होते आणि फुकटच्या कामाची हौस दांडगी होती. काळ्या खिडकीत, माउसशिवाय, नुसत्या कळांवर चालणारा प्रोग्राम. कुणीही न्यावा, हवा तसा बदलावा. अठ्ठावीस वर्षं चालला. लंबू तीन वर्षांपूर्वी गेला. पण एडिटर उघडला की वर दोघांची नावं यायची, आधी त्याचं.

मोफत प्रोग्रामांचा साठा सांभाळणाऱ्या मंडळींचं पत्र आलं. नव्या यंत्रणेत हा सुरूच होत नाही, महिनाअखेर दुरुस्त करा, नाहीतर वगळावा लागेल. बुटक्याला आधी राग आला, मग धडकी भरली. लंबूचं नाव जगात दुसरीकडे कुठं उरलं होतं?

घोडं अडलं प्रोग्रामच्या चारशे बाराव्या ओळीपाशी. तिच्यावर लंबूची टीप होती: ‘हिला हात लावू नकोस. का, ते तुला माहीत आहे.’

बुटक्याला आता काही केल्या आठवेना. ओळ ठेवली तर प्रोग्राम सुरू होईना. काढली तर सुरू व्हायचा, पण सेव्ह करताना मजकूर गिळायचा. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. वीस दिवस त्यानं जुन्या मेल उपसल्या.

"अहो, एखाद्या तरुण माणसाला विचारा ना," बायको म्हणाली.

विचारलं. एकानं उत्तर धाडलं, "हे अजून आहे?"

शेवटच्या दिवशी त्यानं लंबूच्या बायकोला फोन लावला.

"वहिनी, त्याची एखादी वही वगैरे सापडेल का?"

"वही कसली, भावजी! हे म्हणायचे, लिहून कशाला ठेवू, बुटक्याच्या डोक्यात आहे सगळं."

बुटक्याला रडू आलं. एवढा विश्वास टाकायचा असतो का कुणावर?

त्यानं मंडळींना एका शब्दात कळवलं: वगळा.

संध्याकाळी वहिनींचाच फोन आला.

"भावजी, लेक नवा कॉम्प्युटर देतेय. त्यात आपलं ते येईल ना? मी रोज उघडते हो. यांचं नाव दिसतं."

त्यानं चारशे बारावी ओळ पुसून टाकली. मग म्हणाला, "येईल. मी पाठवतो. फक्त त्यात काही लिहू नका, वहिनी. लिहिलेलं राहायचं नाही."

"मला आता काय लिहायचंय?" त्या म्हणाल्या.