पत्रावर फुटलेली सुपारी

शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर कांताबाई घरी आल्या, हातपाय धुतले, पदर खोचला आणि भाकरी थापायला बसल्या. आष्टीच्या शाळेत चौथीची चाळीस पोरं त्यांच्याभोवती ‘बाई, बाई’ करत, गावातली म्हातारी माणसं कागद वाचून घ्यायला त्यांच्याकडे येत. घरी मात्र आपली सून शिकलेली आहे, हे पगाराच्या दिवशीच आठवायचं. त्या दिवशी नवरा भुजंग शाळेच्या फाटकाशी उभा राही, बाई पाकीट त्याच्या हाती देत, आणि ते सासूच्या, द्वारकाबाईंच्या पेटीत जाई. लग्नाला सात वर्षं झाली होती. यात काही वावगं आहे असं गावात कुणाला वाटत नव्हतं. खुद्द बाईंनाही नाही, हे मी मुद्दाम सांगतो.

पंधरा दिवसांमागे शिक्षकांच्या पतपेढीचं छापील पत्र आलं. आपली नोकरी कायम आहे, सबब तीन हजारांचं कर्ज आपल्या नावे आधीच मंजूर केलं आहे. घ्यायचं असल्यास सोबतच्या अर्जावर सही करून पाठवा, असा मजकूर होता. बाई शाळेत होत्या. भुजंगनं पत्र फोडलं, ‘मंजूर’ एवढं वाचलं, आणि पैसे घरात आल्यासारखा तो चालू लागला. पुढे ‘घ्यायचं असल्यास’ असंही लिहिलं होतं, पण तिथवर जाण्याची तसदी घेतो कोण?

भुजंगची बहीण नंदा तेव्हा पंधरा वर्षांची, नववीत होती. अंबडचे अण्णासाहेब आपल्या कारकून मुलाला घेऊन तिला पाहायला आले, तेव्हा भुजंगनं ते पत्र पाहुण्यांसमोर मोठ्यानं वाचून दाखवलं. तोवर अण्णासाहेब दोन हजार हुंड्यावर राजी होते. पत्र ऐकलं आणि आकडा तीन हजारांवर गेला. लगेच सुपारी फुटली. ज्यांच्या सहीवर हे सगळं उभं होतं, त्या बाई आत पोहे परतत होत्या. त्यांना विचारावं, हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

पंधरा दिवस अर्ज कोनाड्यात पडून होता आणि बाईंच्या डोक्यात घोळत होता. सही केली तर पाच वर्षं पगारातून कापून जाईल, याचं त्यांना फारसं वाटत नव्हतं. पगार तसाही त्यांनी कधी हाताळला नव्हता. भीती वेगळी होती. या घराला पिळलं की पैसा निघतो हे अंबडला एकदा कळलं, की पुढे पिळायला नंदाच सापडणार. आणि सही नाकारली तर? सुपारी फुटून लग्न मोडलेली पोर म्हणून लोक तिलाच नावं ठेवणार. कसंही केलं तरी मरण पोरीचंच होतं.

नंदा चुलीत काड्या सारत होती. बाईंनी तिलाच विचारलं. “नंदे, खरं सांग. त्यो पोरगा तुला पसंत हाय का?”

“म्या त्याच्याकडं पाह्यलंच न्हाई, वयनी. अन् त्यानं बी माझ्याकडं न्हाई पाह्यलं,” नंदा म्हणाली. “तुमचं पत्र घेऊन त्योच परत परत वाचू राह्यल्ता. मला नाव सुदिक न्हाई इचारलं.” आणखी एक काडी चुलीत सारत ती म्हणाली, “मला लई भेव वाटू राह्यलं.”

बाईंच्या हातातली भाकरी तव्यावर पडली आणि त्यांचा निर्णय झाला.

दुपारच्या एस्टीनं अण्णासाहेब आले. मंजूर झालेला कागद सहीनिशी पाहिल्याखेरीज तारीख धरायची नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. द्वारकाबाईंनी त्यांना ओट्यावर सतरंजी टाकून चहा दिला. भुजंग अर्ज आणि पेन घेऊन आत आला.

“सही कर जल्दी. पाव्हणे खोळंबलेत.”

“म्या सही न्हाई करणार.”

भुजंगला आधी हसूच आलं. “काय म्हणली?”

“मला हे कर्ज नको. अन् नंदाला तिथं द्यायची न्हाई. पत्र ऐकून ज्याचा आकडा वाढला, त्याचं पोट तीन हजारात भरत न्हाई.”

पहिल्या लाथेनं काठवट उडाली आणि पीठ घरभर झालं. दुसरी बाईंच्या बरगडीत बसली. केस धरून त्यानं त्यांना भिंतीशी नेलं आणि डोकं आपटलं, एकदा, दोनदा. “म्या शब्द देला! चार मानसांत शब्द देला!” तो ओरडत होता. द्वारकाबाईंनी धावत आत येऊन दार लावून घेतलं. सून वाचावी म्हणून नाही, पाहुण्यांना दिसू नये म्हणून.

दाराबाहेरून अण्णासाहेबांचा आवाज आला, “होऊ द्या तुमचं निवांत. मला काही घाई न्हाई.”

“करती का न्हाई सही?”

“न्हाई,” बाई म्हणाल्या. तोंडात रक्त होतं, तरी शब्द स्पष्ट होता.

“मंग हा हात कशाला पायजे तुला?” भुजंगनं त्यांचा हात पाट्यावर दाबला आणि वरवंटा उचलून हाणला. पुन्हा हाणला. बोटं फुटली, हाड मोडल्याचा आवाज झाला, आणि बाई गुरासारख्या ओरडल्या.

तेव्हा द्वारकाबाई किंचाळल्या, “मुडद्या, उजवा हात व्हता त्यो! आता सही कशी करील ती?”

वाचकहो, या सासूला राक्षसीण म्हणून तुम्ही मोकळे व्हाल. ती राक्षसीण नव्हती. रोज तुळशीला पाणी घालणारी, शेजारणीच्या बाळंतपणाला रात्रभर जागणारी बाई होती. लेकीचं लग्न हुंड्याशिवाय होत नाही एवढंच तिला जन्मभर शिकवलेलं होतं, आणि ते तुम्हीआम्हीच शिकवलं.

“डाव्या हाताचा अंगठा घे,” ती लेकाला म्हणाली. भुजंगनं तव्याची काजळी बोटानं काढली. बाईंनी डावी मूठ पोटाशी घट्ट धरली. तो मूठ उघडण्यासाठी मनगट पिरगाळू लागला. इतका वेळ भिंतीला चिकटून उभी असलेली नंदा त्याच्या अंगावर झेपावली. त्यानं तिच्या थोबाडीत दिली, ओठ फाटला, ती खाली पडली. ती उठली आणि तिनं दार उघडलं.

अण्णासाहेबांच्या हातात कपबशी होती. गल्लीतली पंधरा-वीस माणसं जमली होती.

“मामा, तुमाला समदं ऐकू आलं ना?” नंदानं विचारलं.

“पोरी, घरातल्या गोष्टी घरात...”

“म्या तुमच्या घरात येणार न्हाई. बिलकुल न्हाई. जा तुमी.”

अण्णासाहेबांनी टोपी झटकली आणि एस्टीच्या रस्त्याला लागले. जमलेल्या माणसांतून फक्त शेजारच्या झुंबरबाई पुढे आल्या, बाईंच्या हाताला ओलं फडकं गुंडाळलं आणि आपल्या दिराला बैलगाडी जुंपायला लावली. नंदा बाईंबरोबर गाडीत बसली.

परतूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, “कशानं झालं हे?”

एवढं सोसून सही नाकारलेल्या बाईंच्या तोंडून नवऱ्याचं नाव मात्र निघेना. सात वर्षांची सवय होती ती. “वरवंटा निसटला,” त्या खाली बघत म्हणाल्या. डॉक्टर लिहू लागले.

“थांबा,” नंदा म्हणाली. ओठ सुजल्यानं तिला नीट बोलता येत नव्हतं. “निसटला न्हाई. माझ्या सख्ख्या भावानं हाणला. माझ्या लग्नासाठी हाणला. तसं लिवा.”

डॉक्टरांनी पेन थांबवून बाईंकडे पाहिलं. बाईंनी नंदाच्या फाटलेल्या ओठाकडे पाहिलं.

“बराबर सांगू राह्यली ती,” बाई म्हणाल्या. “लिवा.”