ॲप्रनबरोबरचे मोजे

आमचे हे केस कापतात. तीस वर्षं उभ्याने, डाव्या पायावर भार टाकून. त्या पायाच्या शिरा आधी निळ्या झाल्या, मग फुगल्या. घोट्याजवळची कातडी काळी पडली तेव्हा मी यांना ओढतच दवाखान्यात नेलं.

सोनोग्राफी पाहून डॉक्टरीणबाईंनी तीन वाटा सांगितल्या. घट्ट मोज्यांनी सूज, ठणका आवरतो, पण बिघडलेली शीर तशीच राहते. लेझरने ती आतून बंद होते, माणूस त्याच दिवशी चालत घरी जातो. ऑपरेशन करून शीर काढताही येते, पण मग आराम जास्त लागतो.

"मोजेच बरे," हे झटकन म्हणाले. साधी कात्री घ्यायची तर चार दुकानं पालथी घालणारा माणूस!

दोन महिन्यांनी सूज होती तशीच.

"मोज्यांत काही दम नाही," यांनी डॉक्टरीणबाईंनाच ऐकवलं.

"घालता कधी?"

"दुकानात गेलो की, ॲप्रनबरोबर. निघताना ॲप्रनबरोबरच खुंटीला अडकवतो."

मी कपाळावर हात मारला. मला वाटायचं, पँटखाली आहेत.

"अहो, ते सकाळी पाय सुजायच्या आत घालायचे!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण आता नुसत्या मोज्यांवर भागणार नाही. ती काळी कातडी फुटून जखम होईल. लेझर करून घ्या. आणि त्यानंतरही तासन्‌तास एका जागी उभं राहायचं नाही. मधूनमधून चाला, जमेल ते बसून करा."

तिथेच घोडं अडलं. लेझरला यांची ना नव्हती, बसायला होती. घरी आल्यावर हे म्हणाले, "बसून माझा हात चालायचा नाही गं. मग मी कसला कारागीर?"

मला आलेला राग तिथेच विरला. मोजे घातले की उभ्याने काम चालू ठेवता येईल, म्हणूनच ते निवडले होते, तेही कळलं.

लेझर झालं. दोन आठवड्यांनी, दुकान उघडायच्या आधी, मी चाकांचं स्टूल घेऊन गेले आणि स्वतःच खुर्चीत बसले.

"कापा माझे. बिघडले तर घरातल्या घरात राहील."

हे कुरकुरत स्टुलावर बसले. दोनदा स्टूल सरकलं, दोनदा माझा उद्धार झाला. आरशात नेहमी गिऱ्हाइकाच्या डोक्यावर दिसणारा यांचा चेहरा आज माझ्या चेहऱ्याशेजारी होता, घामेजलेला, घाबरलेला. मग कात्रीचा ओळखीचा आवाज सुरू झाला. आधी अडखळत, नंतर सलग.

"अगं, मान हलवू नकोस!" हे खेकसले, अगदी गिऱ्हाइकावर खेकसतात तसे.

मी रडत होते, म्हणून मान हलत होती.