एर्लांगेनच्या दारातला अर्धा फळा

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. खरं सांगायचं तर अर्धाच. पण अर्धा म्हणून कोणी कीव करायला येऊ नका, मला ते खपत नाही.

माझा जन्म माणदेशातल्या एका माळावरच्या शाळेत झाला. गावच्या सुताराने फळ्या जोडून मला घडवलं आणि पोरांनी कोळसा नि पाल्याचा रस चोळून काळा केला. नजर जाईल तिथवर गवत आणि मेंढरं. त्या मेंढरांमागे वाढलेली एक मुलगी शिकली आणि त्याच शाळेत बाई झाली. सुलेखाबाई. पहिल्याच दिवशी हेडमास्तर म्हणाले की, बाईमाणसाला ही दांडगी पोरं आवरायची नाहीत. बाईंनी खडू उचलला, माझ्या कोपऱ्यात पट आणि हजर लिहिलं आणि हजेरी घ्यायला सुरुवात केली. महिन्याभरात तीच पोरं त्यांच्या आधी वर्गात येऊन बसू लागली. आणि काय अक्षर हो बाईंचं! ते अंगावर घेऊन मी दिवसभर मिरवायचो.

पुढे बाईंचं लग्न झालं. नवऱ्याच्या, पंढरीनाथरावांच्या, नोकरीपायी त्या जर्मनीत एर्लांगेनला आल्या. मागे शाळेत सिमेंटचा फळा आला आणि माझी रवानगी शिपायाच्या चुलीशेजारी सरपणात झाली. सुट्टीत गावी आलेल्या बाईंनी मला तिथे पाहिलं आणि त्यांचं डोकंच फिरलं. विमानात मी मावणार नव्हतो, म्हणून त्यांनी मला मधोमध कापून घेतलं. दुखलं. माझा दुसरा अर्धा भाग चुलीत गेला. त्याची आठवण अजून येते.

इथे बाईंची शिक्षिकेची पदवी चालत नव्हती. म्हणून काय बाई स्वस्थ बसतात? त्यांनी किराणा दुकान काढलं. पोहे, तूरडाळ, गोडा मसाला. दारात मी, माझ्यावर भाव. रविवारी इथे दुकानं बंद, म्हणून त्या दिवशी दुकानातच मराठीचा वर्ग भरायचा. मुलं जर्मनमध्ये कुजबुजायची, बाई मराठीत दटावायच्या. त्यांचा मुलगा विहंगही वर्गात असे. पण वर्गात आई म्हणायचं नाही, बाई म्हणायचं, हा नियम. एकदा चुकून "आई" म्हणाला, तर त्याला दाराबाहेर जाऊन पुन्हा आत यायला लावलं.

वर्षं गेली. पंढरीनाथराव गेले. विहंग इथून दूर, गेर्लिंगेन नावाच्या गावी इंजिनिअर झाला. दुकानात आता विद्यापीठातली मुलं येतात आणि शनिवारी बाई त्यांचीही हजेरी माझ्यावर मांडतात. तनय नावाचा पीएचडी करणारा मुलगा लागोपाठ दोन शनिवार दिसला नाही, तेव्हा बाई डबा घेऊन थेट त्याच्या खोलीवर. पोरगं तापाने फणफणलं होतं, आणि कोणाला पत्ता नव्हता.

या हिवाळ्यात बाई बर्फावरून घसरल्या. उजवं मनगट मोडलं. विहंग धावत आला आणि त्याने ठरवूनच टाकलं की दुकान बंद करायचं, आईला गेर्लिंगेनला न्यायचं. वाईट नाही हो तो, घाबरला होता. पण घाबरलेली माणसं फार भराभर आवराआवर करतात. मोडकी मांडणी, खोकी आणि मी, सगळं त्याने फूटपाथवर काढलं. जुनं मोठं सामान उचलून न्यायला इथे ठरल्या दिवशी गाडी येते. म्हणजे मी पुन्हा सरपणात! मी आधीच काळा, संतापून आणखी कसला होणार?

प्लास्टरातला हात सांभाळत बाई बाहेर आल्या.

"आई, आता पुरे. कोणासाठी करतेस हे सगळं?" विहंग म्हणाला.

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. डाव्या हातात खडू घेतला आणि माझ्यावर लिहिलं, 'दुकान चालू आहे.' खाली पट. खाली हजर. इतकं वाकडंतिकडं अक्षर माझ्यावर कधी उमटलं नव्हतं, आणि कुठलंच अक्षर मला इतकं आवडलं नव्हतं. मग मान वर करून त्यांनी वर्गातल्या आवाजात हाक मारली.

"विहंग पंढरीनाथ."

सायकलवाले थांबून बघू लागले. चाळिशी ओलांडलेला तो इंजिनिअर खाली मान घालून उभा राहिला.

"हजर, बाई."

"मग उचल तो फळा. पुरे कधी झालं, ते बाई सांगतील."

त्याने मला उचललं आणि दारात होतो तिथे पुन्हा टेकवलं. मला नेताना डोळे पुसायला त्याला हात मोकळा नव्हता.

मित्रांनो, माझ्यासारख्या म्हाताऱ्यांनी शेवटी हात जोडून सांगायचं असतं की आम्हाला जपा. मी हात जोडणार नाही, बजावणार आहे. जुनं माणूस असो की जुनी वस्तू, बाहेर काढण्याआधी एकदा नाव घेऊन हाक मारा. आमच्यातलं कोणी ना कोणी हजर असतं.

मी तर आहेच. दारात, आजची तारीख अंगावर घेऊन.