खुर्ची मागे कलते तेव्हा

आई गेल्यापासून मला काही वाटेनासं झालं आहे. दुःख नाही, सुटका नाही, भूकसुद्धा वेळ झाली म्हणून लागते. भेटायला आलेल्यांसाठी मी पंखा लावायचो आणि ते रडायचे. बहीण म्हणाली, "दगड आहेस नुसता." असेन.

आईची चाकांची खुर्ची दाराआड पडून होती. शेजारच्या काकू काठी टेकत ती मागायला आल्या.

"नगरपालिकेची इंजिनीअर येणार आहे, आपला रस्ता चालण्याजोगा आहे का ते बघायला. खुर्चीत बसून बघणार म्हणे. नापास झाला तर यंदा दुरुस्त होईल. नाहीतर मी आहेच खिडकीत." पडल्यापासून काकूंनी त्या रस्त्याचा धसकाच घेतला आहे. "ढकलायला तूच ये. तुझ्याइतका सराव कुणाला आहे?"

इंजिनीअर तरुण होती. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांतली नव्हती. खरोखरच खुर्चीत बसली, मांडीवर कागद घेतले. मी ढकलू लागलो. काकू मागून येत होत्या. उखडलेल्या फरश्या, गटाराचं वर आलेलं झाकण, सगळं ओळखीचं. दोन वर्षं आईला याच रस्त्याने दवाखान्यात नेत होतो. माझं लक्षही नव्हतं.

दवाखान्यापुढच्या उंच पायरीशी तिने थांबवलं. "ही एक पायरी सोडली तर रस्ता बरा आहे की! धक्का असा बसलाच नाही."

काकूंचा चेहरा उतरला. "अरे, फुलासारखी काय नेलीस तिला?"

तेव्हा मला कळलं. प्रत्येक खड्ड्याआधी माझे हात आपोआप दांडी दाबून पुढची चाकं उचलत होते. नगरपालिकेचा सुंठीवाचून खोकला जाणार होता, आणि तोही माझ्या कृपेने.

"पुन्हा पहिल्यापासून जाऊ. या वेळी नाही उचलणार," मी म्हणालो. पण पहिली फरशी आली आणि हातांनी पुन्हा दांडी दाबली. दुसऱ्या फरशीलाही तेच. हात माझे, पण ऐकतील तर शपथ.

"तुम्ही ढकला," शेवटी मी म्हणालो. "मी बसतो."

तिला सवय नव्हती. पहिल्याच फरशीला माझे दात एकमेकांवर आपटले. झाकणाशी कंबरेत कळ गेली. "बापरे," असं म्हणत ती दर वेळी लिहायला थांबायची आणि काकू खूश होऊन म्हणायच्या, "लिहा, लिहा!"

पायरीशी मात्र ती अडली. "इथून कशी चढवायचात?"

"दांडी खाली दाबा, खुर्ची पूर्ण मागे कलवा, मग पुढे लोटा."

तिने अगदी माझ्यासारखंच केलं. दवाखाना नजरेखाली गेला, समोर नुसतं आभाळ. पाय अधांतरी. पाठीमागे कुणी आहे की नाही, ते दिसत नाही.

याच पायरीशी आई दर वेळी हात मागे टाकून माझं मनगट धरायची. घट्ट. मला वाटायचं, माया. मी ते कौतुकाने बहिणीला सांगितलंही होतं. आई घाबरलेली असायची. दर खेपेला, आणि एकदाही बोलली नाही.

"नापास आहे हा रस्ता," वरून इंजिनीअर म्हणत होती. "लिहून घेते. माझं मनगट तेवढं सोडा."

मला सोडता येईना.