नऊ फुटांना एक इंच कमी

मित्रांनो, मी एक जुनी पोलादी टेप आहे, माप घ्यायची. खरं तर पहिले दोन इंच सोडून उरलेली. ते एका दारात अडकून तुटले.

घरं वाटणाऱ्या एका कचेरीत मला नोकरी होती. मोजणीकाका मला खिशात घालून घरोघर फिरत. "हिचा शब्द शेवटचा," असं ते म्हणत, आणि मी फुगून जाई. तुटल्यावरही त्यांनी मला टाकलं नाही. मापातून दोन वजा करायचे, झालं.

कचेरीचा नियम सोपा होता. लांबी नऊ फूट भरली तर ती खोली, नाहीतर नुसती जागा. माणसांच्या मानानं खोल्या कमी पडल्या, तर मोठं घर मिळे.

एकदा आम्ही एका शिवणकाम करणाऱ्या बाईंकडे गेलो. नवरा, दोन मुली, सासूबाई. स्वयंपाकघरामागे पडदा लावून, शिलाई मशीनला जागा सोडून सासूबाईंची आखूड खाट मांडलेली. त्या पाय पोटाशी घेऊन निजत. काकांनी मला तिथल्या भिंतीलगत पसरलं.

"नऊ फूट एक इंच. खोली," म्हणत ते लिहू लागले.

"काका, मीही दिवसभर टेपच गळ्यात घालते," बाई म्हणाल्या. "तुमच्या टेपचे पहिले दोन इंच कुणी खाल्ले?"

काकांनी कपाळाला हात लावला. "आठ फूट अकरा. म्हणजे खोली नाही. मिळेल हो तुम्हाला मोठं घर."

बाईंनी सुटकेनं पडदा बाजूला सारला.

"खोली नाही कशी?" सासूबाई खाटेवर उठून बसल्या. "आल्यागेल्याला सांगते मी, ही माझी खोली म्हणून."

"आई, नसू दे हो. आपल्याच भल्याचं आहे."

"नसू दे. पण मग चौदा वर्षं मी राहिले कुठं?"

काकांनी मला गुंडाळलं.

त्यांना घर मिळालं. दोन वजा होऊन मी खरं बोलले म्हणूनच मिळालं. मग म्हातारीसमोर मला चोरट्यासारखं का वाटलं? इंचाच्या अलीकडे अडचण आणि पलीकडे सुख, हे कुणी ठरवलं? मला अजून कळलेलं नाही. आता काकांकडे लाल ठिपका टाकून मोजणारं यंत्र आहे. मी खणात पडून हाच गुंता उकलत असते.

मित्रांनो, मला पुसून कोरडी ठेवा, गंज चढतो. आणि कुणाला किती जागा लागते हे ठरवायची वेळ तुमच्यावर आली, तर आधी त्या माणसाला पाय लांब करून निजायला सांगा. मग मला बोलवा. दोन वजा करायला मात्र विसरू नका.